शेकड्याला चार वरचे

कुंदा,

आधी माफी मागते, मग बाकीचं. माझं शुद्धलेखन चुकेल, वेलांट्या उलटसुलट पडतील, आणि अक्षर तर तुला माहीतच आहे. मी किराण्याची यादी लिहून पाठवली की दुकानदार तुला फोन करून विचारायचा, हे नक्की काय लिहिलंय. चौथीनंतर सहीशिवाय मी फार काही लिहिलंच नाही. आता घेऊन बसलेय ती माझी गणिताची चौकटीची वही आहे. मागची थोडी पानं कोरी राहिली होती. एका चौकटीत एक अक्षर बसवतेय, म्हणजे ओळ तरी सरळ जाईल. हे कुणी वाचायचं नाही. तुला सांगायचं होतं ते तोंडानं कधी जमलं नाही, आणि तू बोलायला लागलीस की दुसऱ्याला जागा तरी कुठे असायची.

तुझं तेरावं परवा झालं. जेवण मीच केलं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर. एकशे दहा माणसं धरून तांदूळ मोजले. कुणाला विचारलं नाही. पान एकही कमी पडलं नाही आणि भात टोपात दोन वाट्या उरला. तू बघायला हवी होतीस. म्हणजे, तू असतीस तर तेरावं नसतं, हे मला कळतं. तरी वाटलं.

गोव्याच्या इस्पितळात जाताना गाडीत बसलीस आणि काच खाली करून म्हणालीस, "सुमा, सहा नंबरच्या खोलीतल्या लोकांका आंबोळयो दी. मी इलंयच चार दिवसांनी." मी आंबोळ्या दिल्या. तू आली नाहीस.

लोक विचारतात, तुमची मैत्री कधीपासूनची. मी म्हणते, धामापूरच्या शाळेपासूनची. तू नेहमी हसून मान हलवायचीस. पण आपल्या दोघींनाही माहीत होतं, शाळेत आपली मैत्री नव्हती. तू पुढच्या बाकावरची, मी तिसऱ्यावरची. आपण देवबागेत लग्न होऊन आलो, तीन घरांच्या अंतरानं, तेव्हा ती झाली. तुझे यजमान मुंबईची नोकरी सोडून आले, तुम्ही पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या, पुढे आणखी दोन, आणि तू मला रांधायला बोलावलंस. अकरा वर्षं मी तुझ्या चुलीपाशी होते. महिन्याच्या एक तारखेला तू पगार हातात ठेवायचीस आणि म्हणायचीस, "मोजून घे गो." मी न मोजता कमरेला खोवायचे. तुला वाटायचं, माझा तुझ्यावर विश्वास आहे म्हणून. विश्वास होताच. पण मोजायची मला भीती वाटायची, हे खरं कारण.

भीती म्हणजे कशी, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. कुणी आकडा बोललं की माझ्या कानात समुद्र सुरू व्हायचा. तळहात ओले. दुकानात मी नेहमी मोठी नोट द्यायचे आणि परत येतील ते पदरात घ्यायचे. कमी दिले का जास्त, देव जाणे. बसमध्ये कंडक्टर "सुटे नाहीत" म्हणाला की मी आधीच म्हणायचे, राहू द्या. बावन्न वर्षांची बाई, नातवाची आजी, आणि तिकिटाच्या उरलेल्या पैशांना भ्यायची.

मग ती न्हाणीघराची गोष्ट. तू बँकेत मालवणला गेली होतीस. कोल्हापूरची मंडळी दोन दिवस राहून निघाली होती आणि त्यातले एक काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "ताई, जेवणाचे किती झाले सांगा." एवढंच. मी "आले" म्हटलं, न्हाणीघरात गेले आणि कडी घातली. नळ सोडला, म्हणजे आवाज ऐकू येणार नाहीत. ते हाक मारत होते, मग मारायचे थांबले. मी तशीच बसून होते. तू आलीस आणि दार वाजवलंस.

"सुमा, भायर ये. गेले ते."

मी आले नाही म्हटल्यावर तू ओरडलीस, "बालदी भरान व्हावता आसा. पाणी काय तुज्या बापाशीचा?"

मी दार उघडलं. तू माझ्याकडे बघितलंस. तू हसशील असं मला वाटलं. ते तुझं हसणं, उचकी लागल्यासारखं, ते येणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले.

"काय झाला गो?"

"हिशेब इचारल्यानी."

"मगे?"

"मगे मी हय इलंय."

तू हसली नाहीस. पदरानं माझे हात पुसलेस, लहान पोराचे पुसतात तसे, आणि त्या काकांना फोन करून आकडा सांगितलास. त्यांनी तिथूनच पैसे पाठवले.  पुढच्या आठवड्यात मालवणहून फोन घेऊन आलीस आणि माझ्यासमोर पाटावर ठेवलास.

"ह्यो तुका."

"माका कित्याक?"

"शिकाक. ह्येच्यात एक बाई आसा, मोठ्या मान्सांका गणित शिकयता. फुकट."

"माका जमाचा नाय कुंदा."

"बाई तुका खावची नाय. ती तुका दिसता, तू तिका दिसणंस नाय."

हे शेवटचं वाक्य तू सहज बोललीस की विचार करून, हे मला विचारायचं राहून गेलं. कारण त्या एका वाक्यावर मी तयार झाले. ज्या बाईला मी दिसत नाही, तिच्यासमोर चुकायला काय हरकत आहे.

फोनचे साडेसात हजार. मी म्हटलं, महिन्याला पाचशे देईन. तू म्हणालीस, "मी मेल्यार देतलंस काय सगळे? गप ऱ्हव." तेव्हा आपण दोघी हसलो होतो.

दुपारी पाहुणे जेवून झोपले की दोन तास माझे. फोनाला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी, म्हणून मी तिथे पाट टाकून बसायचे. तू जवळच सावलीत मासे नाहीतर नारळ घेऊन. पहिल्या दिवशी पहिलीचं पुस्तक निघालं. एक ते नऊ. मला रडायला आलं.

"पयलीचा? माका?"

"पयलीचाच. हय तुका कोण बघता? कोंबडी?"

कोंबडी खरंच बघत होती.

बाई बोलायला घाटावरची वाटायची, फार हळू बोलायची. दहाच्या जुड्या बांधून दाखवायची. मी केरसुणीसाठी काढलेले माडाच्या पातीचे हीर घेतले आणि दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. हातचा म्हणजे काय ते मला तिथे कळलं. शाळेत गुरुजी म्हणायचे, "हातचा एक कुठे गेला?" आणि मी आपली मुठीत बघायची. हातचा म्हणजे सुटे हीर दहा झाले की जुडी बांधून पलीकडे ठेवायची, एवढंच. एवढ्यासाठी मी किती छड्या खाल्ल्या.

समजलं नाही की बाईला थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा बोलायला लावायचं. ती कधी वैतागली नाही. एकच गोष्ट तिनं मला नऊ वेळा सांगितली असेल, त्याच आवाजात. तू मात्र वैतागायचीस. "गो, ता आता माका पाठ झाला," म्हणायचीस आणि कोळंबीची सालं काढता काढता बाईच्या आधी उत्तर द्यायचीस. मी तुझ्यावर चिडून फोन घेऊन विहिरीच्या दुसऱ्या बाजूला जायचे.

भागाकार तू शिकवलास, बाईनं नाही. बाई चेंडू आणि मुलं घेऊन समजावत होती, मला ते शिरेना. तू टोपलीतले बांगडे वाळूवर ओतलेस. त्रेचाळीस होते. "सहा वाटे घाल," म्हणालीस. वाटे मला लहानपणापासून येतात, ओढून आणलेल्या जाळ्यातली मासळी वाटताना कुणी पाढे म्हणत नाही. एक इथे, एक तिथे, फिरत फिरत. सात-सातचे सहा वाटे झाले आणि एक बांगडा हातात राहिला.

"ही बाकी," तू म्हणालीस.

"हेचा काय करूचा?"

"मांजराक दी."

अजूनही भागाकारात बाकी आली की मी मनात म्हणते, मांजराची.

मग त्याच बाईचा बुधवारचा वर्ग सुरू झाला. तो सगळ्यांचा एकत्र असायचा, फोनवर चौकटी-चौकटीत वीसेक बाया. कुणाच्या मागे चूल, कुणाच्या मागे गोठा. माझी चौकट काळी. नुसतं नाव. बाई विचारायची, "सुमनताई, आहात ना?" तर मी ते अंगठ्याचं चित्र दाबायचे. सही येणारी बाई मी, पण पाच महिने अंगठाच दाखवत राहिले. तू म्हणायचीस, तोंड उघड. मी म्हणायचे, पुढच्या बुधवारी.

आता शाळेतलं लिहायला हवं. तुला ते माहीत आहे, पण सगळं नाही.

माझे बाबा नारळ मोजायचे. व्यापाऱ्याचा माल निघाला की त्यांना बोलावणं यायचं. दोन हातांत दोन-दोन नारळ, म्हणजे एका फेकीला चार. पंचवीस फेकी मोठ्यानं म्हणायच्या, आणि सव्विसावी फेक न बोलता टाकायची. त्या वरच्या. काही नारळ आत नासके निघतात, घेणाऱ्याचं नुकसान नको, म्हणून शेकड्याला चार वरचे. मी चालायला लागले तेव्हापासून त्या ढिगाशेजारी बसलेली. म्हणून चौथीत गुरुजींनी विचारलं, "एक शेकडा म्हणजे किती?" तेव्हा मी हात वर केला. तेव्हा मी लाजरी नव्हते, कुंदा. मी उभी राहून मोठ्यानं सांगितलं, एकशे चार.

आधी एकच हसणं आलं. उचकी लागल्यासारखं. मग सगळा वर्ग.

गुरुजींनी मला फळ्यापाशी नेलं आणि सांगितलं, 'शेकडा म्हणजे शंभर' हे पाटीवर एकशे चार वेळा लिही. पाटी भरली की पुसायची आणि पुन्हा लिहायची. चाळिसाच्या आसपास माझी मोजणी चुकली. किती झाले आणि किती राहिले, मला कळेना. विचारायची सोय नव्हती. मी शाळा सुटेपर्यंत लिहीतच राहिले. कानातला समुद्र त्या दिवशी सुरू झाला. पुढे लग्नापर्यंत गावात माझं नाव एकशेचार.

सगळ्यांना वाटतं, पाचवीची शाळा लांब म्हणून बाबांनी मला घरी बसवलं. बाबा पाठवायला तयार होते. मीच नाही म्हटलं. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

तर तो बुधवार. बाई टक्के शिकवत होती. म्हणाली, "शंभर नारळ आणले, त्यातले चार खराब निघाले, तर टक्के किती?" बायांनी उत्तर दिलं. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोटानं आवाज चालू केला.

"बाई, आमच्याकडे शंभर नारळ घेतले की एकशे चार येतात."

 विहिरीतल्या बेडकाचा आवाज येत होता. मी ते हसणं यायची वाट बघत होते.

बाई म्हणाली, "का बरं, सुमनताई?"

कुणी मला 'का' असं विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. पंचवीस फेकी, सव्विसावी न मोजलेली, नासक्यांची भरपाई. बाई म्हणाली, "म्हणजे शेकड्याला चार. हेच तर टक्के. तुम्हाला आधीपासून येतात की. बरं, अडीचशे नारळांवर वरचे किती?"

"दहा."

"सव्वासातशेवर?"

"एकोणतीस."

मला हिशेब करावाच लागला नाही. मला ढीग दिसत होता. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी माझी काळी चौकट उघडली आणि पहिल्यांदा माझं तोंड त्यांना दिसलं, घामेजलेलं, मागे विहीर आणि तुझी पाठ.

तू आडाळ्यावर नारळ खवत होतीस. 'एकशे चार' म्हटलं तेव्हाच तुझ्या खवण्याचा आवाज थांबला होता. वर्ग संपेपर्यंत तो पुन्हा सुरू झाला नाही.

चहा करताना तू म्हणालीस, "सुमा, त्या दिवशी पयली मीच हसल्लंय."

"खंयच्या दिवशी?"

"शाळेत. फळ्याकडे."

मी साखरेच्या डब्यात बघत म्हटलं, "माका नाय आठवत."

 मग "बरा" म्हणालीस आणि कपबशा घेऊन बाहेर गेलीस. पुन्हा तो विषय निघाला नाही.

मी खोटं बोलले, कुंदा. मला आठवत होतं. रोज आठवत होतं. अकरा वर्षं तू पाहुण्यांशी हसायचीस आणि मी चुलीपाशी एकदा दचकायचेच. मला वाटलं, आठवत नाही म्हटलं की तुला हलकं वाटेल. नाही वाटलं. तू चाळीस वर्षं जपून आणलेलं माझ्या पुढ्यात ठेवलंस आणि मी ते बघितलंसुद्धा नाही. मी म्हणायला हवं होतं, होय गो, तूच हसलीस, मला लागलं, आणि आता नाही लागत. तीन वाक्यं. सव्वासातशेचे टक्के पटकन सांगितले आणि ही तीन वाक्यं नाही आली.

तुझीमाझी भांडणं मात्र चालू राहिली. तू म्हणायचीस, शंभर म्हणजे शंभरच, वरचे चार म्हणजे भोळ्या मान्सांचे धंदे. आणि नारळवाला दारात आला की सव्विसाव्या फेकीसाठी त्याच्याशी कोण भांडायचं? तू. "वरचे खंय आसत? माका गिऱ्हाईक समजलंस?" तो गेल्यावर मी तुला विचारायचे, शेकडा म्हणजे किती गो कुंदा? तू म्हणायचीस, "घेताना एकशेचार, देताना शंभर." तो वाद मिटलेला नाही. मी अजून माझ्या बाजूला आहे.

गेल्या हंगामात पुण्याचे नऊ जण आले होते. सात मोठी, दोन मुलं. निघताना त्यांनी जेवणाचा हिशेब विचारला. तू आत होतीस, मला माहीत होतं, खोलीच्या पडद्याखाली तुझे पाय दिसत होते. तू बाहेर आली नाहीस. मोठ्यांचे अडीचशे, मुलांचे अर्धे, दोन वेळची जेवणं. मी तोंडानं सांगितलं, चार हजार. त्या माणसानं फोनवर आकडे दाबून बघितले आणि म्हणाला, "बरोबर आहे." मी म्हटलं, "माहीत आहे." मग स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकले. तू मागून आलीस आणि कोकमाचं सरबत दिलंस. त्यात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. तुझंही लक्ष डब्यावर नसणार.

त्या महिन्याच्या एक तारखेला मी पगार तुझ्यासमोर मोजला. एकेक नोट, मोठ्यानं. तू खोटं खोटं रागावलीस, "इस्वास नाय तुजो माज्यार?" पण तुझे डोळे भरले होते.

फोनचे पाचशे मी दर महिन्याला देत राहिले. तू घ्यायचीस आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात सुरमईची तुकडी यायची. मी तुला म्हटलं होतं, अशानं फिटणार कसं? तू म्हणालीस, "मासळी वेगळी, पैशे वेगळे. तुका आता वजाबाकी येता मां? मगे."

अकरा हप्ते झाले. बारावा घेऊन आले तेव्हा तू गाडीत बसत होतीस.

काल दुपारी तुझी लेक वर्षा पुण्याला परत जायला निघाली, सामान बांधत होती. मी तिच्यासमोर पाकीट ठेवलं. ती म्हणाली, "मावशे, आवशीन सांगल्यान हा, सुमामावशीकडसून एक पैसो घेव नको."

"तुजी आवस काय काय सांगी. तू मोज."

तिनं मोजण्याआधी तुझा फोन उघडला, कारण तुझे सगळे हिशेब त्यात आहेत. आणि मला दाखवलं. 'सुमा ५००.' त्याखाली 'सुमा ५००.' अकरा ओळी. शेवटी 'राहिले २०००.' माझ्यासमोर थट्टा करायचीस आणि घरी जाऊन लिहून ठेवायचीस. मला फेडायचं आहे, हे तू मानलं होतंस. त्या अकरा ओळी बघून मी रडले. तेराव्याला डोळ्यांत पाणी नव्हतं आलं, ते तिथे आलं.

वर्षानं नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"मावशे, हे तीनशे जास्ती आसत."

"जास्ती नाय. साडेसात हजार म्हणजे पंच्याहत्तर शेकडे. शेकड्याक चार."

"ता कित्याक?"

तिनंही 'का' विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं, बसून. बाबांच्या फेकी, फळा, पाटी. पहिलं कोण हसलं तेही सांगितलं. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "व्हय गो, तुजीच आवस. माका आठवता. लय लागला होता तेवा. आता लागणा नाय." तुला सांगायची तीन वाक्यं तुझ्या लेकीला सांगितली. आणि मग ती हसली. उचकी लागल्यासारखं. तुझंच हसणं आहे तिचं, इतके दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी दचकले नाही.

तिनं तेवीसशे रुपये तुझ्या कपाटात, तुझ्या साडीच्या घडीत ठेवले. तुझ्या फोनात माझ्या नावाखाली लिहिलं, बाकी शून्य. मी म्हटलं, त्याखाली वरचे तीनशे पण लिही. तिनं लिहिले.

फिटले, कुंदा. वरचे धरून सगळे. मोजून घे.